लंका कशानें जळाली?

(गांवच्या वाचनालयांत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



लंका म्हटली कीं आपणांस मारुतीच्या शेपटीची आठवण होते. सोन्याची लंका जळाल्याची गोष्ट आपण सर्वांनीं आजीच्या मांडीवर बसून ऐकली आहे. ती पोथी आज बाजूस ठेवा. आज आम्ही बोलणार आहों ती लंका रामेश्वराच्या पलीकडे, धनुष्कोडीपासून समुद्रानें तीसएक किलोमीटरांवर आहे. तेथें भात, नारळ व चहा पिकतो, आणि तो पिकविणारीं माणसें आपल्यासारखींच कष्टाचीं आहेत. ही लंका कोणा परक्यानें येऊन जाळली नाहीं. घरच्याच लोकांनीं घरच्याच चुलींतला निखारा उचलून ती जाळली. आणि निखारा उचलणारांत आमच्यासारखे शाळामास्तर पुढें होते. म्हणूनच हा विषय आज आम्हीं घेतला आहे.

कोणी म्हणेल, मास्तरानें गांवचें सोडून लंकेच्या भानगडींत कां पडावें? त्याचें कारण सांगतों. आमच्या वर्गांत टोपल्या विणणाऱ्या कैकाडी घरचा एक मुलगा आहे. एके दिवशीं तो आपल्या धाकट्या बहिणीशीं घरच्या बोलींत कांहीं बोलला. मुलें हंसलीं. हंसणारांस दटावायचें सोडून आम्हीं त्या मुलासच दटावलें कीं, शाळेंत नीट मराठी बोल, ही कसली भाषा? दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत येईना. आठव्या दिवशीं त्याचा बाप डोक्यावर टोपल्यांची चळत घेऊन शाळेच्या दारांत उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, पोरगं आईच्या बोलीत बोललं, त्यात त्याचं काय चुकलं?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें पुस्तकें चाळतां कळलें कीं, कैकाड्यांची बोली ही तामीळ भाषेच्या कुळांतली आहे. तो धागा धरून वाचीत वाचीत आम्ही लंकेस जाऊन पोंचलों. तेथें काय झालें तें समजलें, आणि आपल्या दटावण्याची आम्हांस लाज वाटली.

प्रथम त्या देशांत राहतें कोण, तें पाहूं. २०१२ सालच्या खानेसुमारींत शेंकडा ७५ लोक सिंहली होते. त्यांतील बहुतेक बौद्ध. शेंकडा ११ लंकेचे जुने तामीळ. हे बहुतेक शैव हिंदु, कांहीं ख्रिस्ती. त्यांची वस्ती उत्तरेस जाफना आणि पूर्वेस त्रिंकोमली, बट्टिकलोआ या बाजूस. शेंकडा ९ मुसलमान. यांतील बहुतेकांच्या घरीं तामीळच बोलतात, पण ते स्वतःस तामीळ म्हणवीत नाहींत. राहिले शेंकडा ४. हे डोंगरांतील मळ्यांवरचे तामीळ मजूर. इंग्रजांनीं एकोणिसाव्या शतकांत आधीं कॉफीच्या व मागाहून चहाच्या मळ्यांसाठीं मद्रास इलाख्यांतून दुष्काळानें व कर्जानें गांजलेलीं माणसें तेथें नेलीं. त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचीं पुष्कळ होतीं. मन्नारच्या किनाऱ्यावर उतरून तीं कँडीच्या डोंगरापर्यंत पायीं चालत गेलीं, आणि वाटेंत पुष्कळ मेलीं. लंकेच्या डोंगरांतल्या मळ्यांचा चहा या लोकांच्या बोटांनीं खुडलेला असतो.

हे चार वांटेकरी लक्षांत ठेवा. पुढची सारी हकीकत यांचीच आहे.

आतां भांडणाचें मूळ. इंग्रजी अमलांत कारभार सगळा इंग्रजींत. कोर्टाचें समन्स इंग्रजींत, सरकारी हुकूम इंग्रजींत, नोकरी हवी तर इंग्रजी हवी. आणि ती भाषा शंभरांत दहा लोकांसही येत नव्हती. जाफन्याकडची जमीन कोरडी; तेथें मिशनऱ्यांनीं लवकर शाळा काढल्या. त्यामुळें तेथील वरच्या थरांतील तामीळ मुलें इंग्रजी शिकलीं आणि सरकारी नोकऱ्यांत त्यांनीं संख्येच्या मानानें पुष्कळ अधिक जागा मिळविल्या. इकडे दक्षिणेंत सिंहली शेतकऱ्याचा मुलगा गांवच्या शाळेंत सिंहली शिके व घरीं बसे. त्याच्या पोटांत आग पडली. ही आग खोटी नव्हती. आम्ही मराठी शाळेंतून आणि मराठी ट्रेनिंग कॉलेजांतून आलेले मास्तर आहों. इंग्रजी न येणाऱ्याची मोठ्या कचेरींत काय किंमत होते, तें आम्हांस कोणी सांगावयास नको. तुम्हांसही नको.

या दुखण्यावर न्यायाचा उपाय सोपा होता. इंग्रजीचें कुलूप काढावें आणि सिंहली व तामीळ दोघींसही आंत घ्यावें. १९४४ सालीं तेथील कायदेमंडळांत जयवर्धने यांनीं एकट्या सिंहलीचा ठराव आणला. सभासदांनीं त्यांत तामीळही घालावयास लावली आणि दोन भाषांचा ठराव मंजूर झाला. म्हणजे वाट ठाऊक होती. चालले मात्र दुसऱ्या वाटेनें.

फेब्रुवारी १९४८ मध्यें सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, स्वतंत्र झाली. तें वर्ष सरण्याच्या आंत नागरिकत्वाचा कायदा झाला आणि मळ्यांवरचे सुमारें सात लाख मजूर एका फटक्यानें कोणत्याच देशाचे राहिले नाहींत. पाठोपाठ त्यांचें मतही गेलें. त्यांचा गुन्हा कोणता? १९४७ च्या निवडणुकींत त्यांनीं आपले प्रतिनिधी निवडून दिले होते, हाच काय तो. गरीब संघटित होऊन मत देऊं लागला कीं धनी बिथरतो, हें नवें नाहीं.

पण जाफन्याच्या तामीळ पुढाऱ्यांनीं काय केलें, तें पाहा. तामीळ काँग्रेसचे पुढारी पोन्नंबलम त्याच सरकारांत मंत्री होऊन बसले. मळ्यावरचा मजूरही तामीळच बोलतो, पण त्याची जात हलकी, त्याचें घर म्हणजे मळेवाल्याची चाळ. त्याच्यासाठीं खुर्ची कोण सोडतो? एक चेल्वनायकम नांवाचे वकील मात्र बिथरून बाहेर पडले. आज यांच्यावर आलेली पाळी उद्यां आपल्यावर येईल, हें त्यांनीं ओळखलें, आणि १९४९ सालीं निराळा पक्ष काढला. त्यांची मागणी वेगळ्या राष्ट्राची नव्हती. एका देशांत राहून आपल्या भागाचा कारभार आपल्या भाषेंत आपण पाहावा, एवढीच होती. तामीळ राष्ट्रवाद म्हणतात त्याचा आरंभ इतका साधा होता.

त्यांची भीति आठ वर्षांच्या आंत खरी झाली. १९५६ च्या निवडणुकींत बंदरनायके पुढें आले. हे गृहस्थ ऑक्सफर्डला शिकलेले, मोठ्या घराण्यांतले. त्यांनीं घोषणा केली कीं, निवडून द्या, चोवीस तासांत सिंहली ही एकच राजभाषा करतों. त्यांच्या मागें पांच बळें उभीं राहिलीं असें तिकडे म्हणतात: भिक्षु, वैद्य, गुरुजी, शेतकरी आणि कामकरी. मंडळी, हीं नांवें ऐका. यांत सावकार नाहीं, मळेवाला नाहीं. खेड्यांतल्या शाळेंत देशी भाषा शिकविणारा मास्तर आहे, नाडी पाहणारा वैद्य आहे, नांगर धरणारा आहे. ते दुष्ट होते काय? नव्हते. त्यांचा राग इंग्रजी शिकलेल्या वरच्या थरावर होता, आणि तो रास्त होता. पण पुढाऱ्यानें तो राग शेजाऱ्याच्या दारावर नेऊन सोडला. ज्या कुलपानें आपण बाहेर राहिलों, तेंच कुलूप त्यांनीं दुसऱ्याच्या दारास लाविलें. इंग्रजी शिकलेले पुढारी आपल्या बंगल्यांत सुखरूप राहिले.

५ जून १९५६ रोजीं कोलंबोस पार्लमेंटासमोर गॉल फेस नांवाच्या मैदानावर चेल्वनायकम व त्यांचे लोक सत्याग्रहास बसले. जमावानें त्यांस मारहाण केली. त्याच दिवसांत पूर्वेकडे गल ओया येथें दंगा होऊन पुष्कळ माणसें मारलीं गेलीं. तेथें सरकारनें मोठें धरण बांधून सिंहली शेतकऱ्यांच्या वसाहती बसविल्या होत्या आणि तामीळांस ती भूमि आपली वाटे. भाषेच्या भांडणांत जमिनीचें भांडण असें मिसळलें. मग जो तामीळ कारकून मुदतींत सिंहली शिकला नाहीं, त्याची बढती बंद, पुढें नोकरीही बंद. ज्या तामीळ शेतकऱ्यास पोलीस ठाण्यांतून कागद आला, तो त्यास वाचतां येईना. सातबारा आपणांस न समजणाऱ्या लिपींत आला तर आपल्या काळजांत काय होईल, त्याचा विचार करा.

बंदरनायके यांस चूक कळली नाहीं असें नाहीं. १९५७ च्या जुलैंत त्यांनीं चेल्वनायकम यांच्याशीं करार केला. तामीळ भागांत तामीळ चालावी, स्थानिक मंडळांस अधिकार द्यावेत, असें ठरलें. दुसऱ्या पक्षानें ओरड केली, भिक्षु त्यांच्या घरासमोर येऊन बसले, आणि एप्रिल १९५८ मध्यें त्यांनीं तो करार मोडला. पुढच्याच महिन्यांत देशभर दंगे. आणि १९५९ सालीं एका भिक्षूनेंच त्यांस गोळी घातली. ज्या विस्तवावर त्यांनीं पोळी भाजून घेतली, तो त्यांच्या हातांत राहिला नाहीं. विस्तव कोणाचाही मिंधा नसतो.

मळ्यांवरच्या मजुरांचें पुढें काय झालें? १९६४ सालीं हिंदुस्थान व सिलोन या दोन सरकारांनीं त्यांची वांटणी केली. पांच लाख पंचवीस हजार तुमचे, तीन लाख आमचे, उरलेल्या दीड लाखांचें मागाहून पाहूं. १९७४ सालीं तो दीड लाखही निम्मानिम्मा केला. आपण बैल विकतांना गिऱ्हाइकाची दावण तरी पाहतों. या माणसांस कोणी विचारलेंही नाहीं. ज्यांच्या आज्यापणज्यांचीं हाडें त्या डोंगरांत मुरलीं, तीं माणसें बोटींत घालून न पाहिलेल्या गांवीं पाठविलीं. जे राहिले त्यांतल्या शेवटच्यांस नागरिकत्व मिळावयास २००३ चा कायदा यावा लागला.

शेजाऱ्याचा बांध कोणी एका दिवसांत फोडीत नाहीं. दर वर्षीं नांगराचें एक तास आंत घालतो. लंकेंत तसेंच झालें. १९७१ च्या सुमारास विद्यापीठाच्या प्रवेशाचा नवा नियम आला: डॉक्टरी शिकावयास तामीळ मुलास ४०० पैकीं २५० गुण हवेत, सिंहली मुलास २२९ पुरेत. मागासलेल्या खेड्यांतील मुलास सवलत द्यावी, हें आम्हांसही मान्य आहे. ती गरिबी पाहून द्यावी. येथें भाषा पाहून दिली. १९७२ च्या राज्यघटनेंत सिंहली राजभाषा कायम झाली आणि बौद्ध धर्मास पहिलें स्थान दिलें. ही घटना घडविणारे मंत्री कोण? कॉल्विन डिसिल्व्हा. हेच १९५६ सालीं पार्लमेंटांत उभे राहून सांगत होते कीं, दोन भाषा ठेवाल तर देश एक राहील, एक भाषा ठेवाल तर देश दोन होतील. शहाणपण बांकावर असतें, खुर्चीवर गेलें कीं विसरतें.

अखेर मे १९७६ मध्यें वट्टुकोट्टै येथें तामीळ पक्षांनीं वेगळ्या राष्ट्राचा, ईलमचा, ठराव केला. १९४९ पासून सत्ताविस वर्षें अर्ज, सत्याग्रह व करार करून जें मिळालें नाहीं, त्यानंतरचा हा ठराव होता. त्याच महिन्यांत प्रभाकरन नांवाच्या एकवीस वर्षांच्या तरुणानें तामीळ वाघांची संघटना, म्हणजे लिट्टे, स्थापली. म्हाताऱ्यांच्या हातांत ठराव होता, पोरांच्या हातांत पिस्तूल.

१९८१ च्या ३१ मेच्या रात्रीं जाफन्याचें सार्वजनिक वाचनालय जाळलें गेलें. जाळणारांत सरकारी पोलीस होते. सुमारें ९७ हजार पुस्तकें आणि जुन्या ताडपत्रांच्या पोथ्या राख झाल्या. आपलें हें वाचनालय पाहा. दोन कपाटें आहेत, आणि पावसाळ्यांत त्यांस वाळवी लागूं नये म्हणून आपण किती जपतों! ९७ हजार पुस्तकें! शाळामास्तरास हा आंकडा वाचतांना घरांतलें माणूस गेल्यासारखें होतें.

दोन वर्षांनीं, २३ जुलै १९८३ रोजीं, वाघांनीं जाफन्याजवळ तेरा सैनिक मारले. दुसऱ्या दिवसापासून कोलंबोंत आणि इतरत्र तामीळांची कत्तल सुरू झाली. जमावांच्या हातांत मतदारांच्या याद्या होत्या. त्यांवरून तामीळ घरें हुडकून जाळलीं. वेलिकडा तुरुंगांत त्रेपन्न तामीळ कैदी मारले. एकंदर मेले किती? सरकार कांहींशें म्हणतें, दुसरे तीन हजारांपर्यंत सांगतात. त्या वेळचे अध्यक्ष तेच जयवर्धने, ज्यांनीं १९४४ चा ठराव आणला होता. हेंही सांगितलें पाहिजे कीं, पुष्कळ सिंहली शेजाऱ्यांनीं जीव धोक्यांत घालून तामीळ कुटुंबें आपल्या घरांत लपविलीं. लाखों लोक मद्रासेकडे, कॅनडास, युरोपांत पळाले. आणि ज्या तामीळ पोरांनीं बंदुकीचें नांवही काढलें नव्हतें, तीं हजारोंनीं रानांत गेलीं.

येथपर्यंत आम्हीं सरकारची बाजू सांगितली. येथेंच थांबलों तर अर्धसत्य होईल, आणि अर्धसत्य हें पुऱ्या खोट्याहून वाईट.

वाघांनीं बंदूक घेतली ती अन्यायाविरुद्ध. पण पहिल्या प्रथम ती वळली कोणाकडे? १९८६ सालीं त्यांनीं दुसऱ्या तामीळ संघटनेचीं पोरें शेंकड्यांनीं मारलीं. १९८९ सालीं अमृतलिंगम या वयोवृद्ध तामीळ पुढाऱ्यास त्यांच्याच घरीं गोळ्या घातल्या. त्याच सालीं जाफन्याच्या वैद्यकीय विद्यालयांतील शिक्षिका डॉक्टर रजनी तिरणगम सायकलवरून घरीं चालली असतां मारली गेली. सरकार, हिंदी सैन्य आणि वाघ, तिघांचेही अत्याचार ती लिहून ठेवीत होती. हा खून वाघांचाच, असें तिच्या सोबत्यांचें म्हणणें आहे. ज्या चळवळींत आपल्याच माणसास 'तुझें चुकतें' असें म्हणतां येत नाहीं, ती चळवळ लोकांची राहत नाहीं.

निरपराध सिंहलींचें तेंच. मे १९८५ मध्यें अनुराधपुरास शंभरांवर नागरिक मारले. बोधिवृक्षाच्या दर्शनास आलेले लोकही त्यांत होते. आणि मुसलमान? तेही घरीं तामीळच बोलत. ऑगस्ट १९९० मध्यें कट्टनकुडी येथें मशिदींत नमाज पढणारे शंभरांवर लोक मारले. ऑक्टोबरांत उत्तरेंतील सुमारें ७० हजार मुसलमानांस हांकलून दिलें. जाफना शहरांतील लोकांस दोन तासांची मुदत. यांत शिंपी होते, कोळी होते, दुकानदार होते. शिवणयंत्रही बरोबर नेऊं दिलें नाहीं. १९४८ सालीं मळ्यांवरच्या मजुरांस 'तुम्ही इथले नव्हेत' असें सरकार म्हणालें. १९९० सालीं तेंच वाक्य वाघ मुसलमानांस म्हणाले. वाक्य तेंच, तोंड निराळें.

जातीचेंही ऐका. जाफन्यांत वेळ्ळाळ ही जमीनदार जात वर, आणि ताडी काढणारे, न्हावी, परीट, पारया खालीं. १९६८ सालीं मावितपुरमच्या देवळांत जाण्यासाठीं या लोकांस सत्याग्रह करावा लागला, आणि वाट अडविणारे सिंहली नव्हते, तामीळच होते. 'आपण सगळे एक' असें म्हणणाऱ्यानें प्रथम आपल्या देवळाचें दार पाहावें.

आतां आपल्या देशाचें. १९८३ नंतर हिंदुस्थानच्या सरकारी खात्यांनींच या तरुणांस शस्त्रें व शिक्षण दिलें. जुलै १९८७ मध्यें करार करून आपलें सैन्य शांतीसाठीं तेथें गेलें, आणि तीन महिन्यांत त्याच तरुणांशीं लढूं लागलें. जाफन्याच्या रुग्णालयांत डॉक्टर, परिचारिका व रोगी आपल्या सैन्याच्या गोळ्यांनीं मेले, ही गोष्ट तेथील लोक विसरलेले नाहींत. आपलेही सुमारें बाराशें जवान कामास आले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजीं मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले. ते जन्मानें मुंबईचे, घराण्यानें तामीळ, आणि पलटण महार रेजिमेंटची. छातींत गोळी लागली असतां त्यांनीं समोरच्याची बंदूक हिसकावून घेतली आणि त्यास मारलें. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांस मिळालें. तामीळ माणसानें महार शिपायांच्या पुढें राहून तामीळ पोरांच्या गोळीनें मरावें! राज्यकर्त्यांच्या डावाचे फांसे हे असे पडतात. १९९१ च्या २१ मे रोजीं त्याच वाघांनीं राजीव गांधींचा खून केला, तें आपणांस ठाऊकच आहे.

शेवट कसा झाला? मे २००९ मध्यें मुल्लिवैक्कालच्या वाळूच्या पट्टीवर. सरकारी तोफा, सरकारनेंच 'येथें सुरक्षित राहाल' म्हणून सांगितलेल्या जागेवर पडत होत्या. वाघ लोकांस निघूं देत नव्हते, पळणारांवर गोळ्या झाडीत होते, आणि घरटी एक पोर लढाईस ओढीत होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीं २०११ सालीं लिहिलें कीं, शेवटच्या महिन्यांत मेलेले नागरिक ४० हजारांपर्यंत असूं शकतील. सरकारनें तें नाकारलें. साऱ्या युद्धांत ८० हजार ते १ लाख माणसें गेलीं असें मानतात. वांचलेले सुमारें पावणेतीन लाख लोक तारेच्या कुंपणांत ठेवले. हरवलेल्या मुलांच्या आया २०१७ पासून रस्त्याच्या कडेला मांडव घालून, फोटो छातीशीं धरून बसल्या. त्यांतल्या कित्येक उत्तर न मिळतां मेल्या.

आणि जिंकलेल्या सिंहली शेतकऱ्यास काय मिळालें? सैन्यांत मेलेलीं पोरें त्याचींच. १९७१ सालीं आणि पुन्हां १९८७ ते १९८९ मध्यें खेड्यांतल्या सिंहली तरुणांनीं बेकारीस कंटाळून बंड केलें, तेव्हां त्याच सरकारनें त्यांसही हजारोंनीं मारलें. 'सिंहलीचें राज्य' आलें खरें, पण सिंहली गरिबाचें आलें नाहीं.

मग दोष भाषेच्या अभिमानाचा काय? आमचें मत तसें नाहीं. समुद्राच्या अलीकडे मद्रासेस पाहा. भाषा तीच, अभिमानही तोच, किंबहुना जास्त. पेरियार रामस्वामींच्या स्वाभिमान चळवळीनें तेथील ब्राह्मणेतर समाज जागा केला. १९३७ पासून हिंदीच्या सक्तीविरुद्ध लढे झाले. वेगळ्या द्रविड देशाची मागणीही होती. १९६५ सालीं हिंदीविरुद्धच्या आंदोलनांत पुष्कळ माणसें मेलीं. पण येथें दार पुरतें बंद झालें नाहीं. १९५६ सालीं, म्हणजे तिकडे सिंहलीचा कायदा झाला त्याच वर्षीं, इकडे भाषावार प्रांत झाले. आपल्याला महाराष्ट्र मिळण्यास १ मे १९६० उजाडावा लागला आणि रक्तही सांडावें लागलें, पण मिळाला. अण्णादुराईंनीं १९६३ सालीं वेगळेपणाची मागणी सोडली, १९६७ सालीं निवडणूक जिंकून ते मुख्यमंत्री झाले, आणि १९६९ सालीं त्या प्रांताचें नांव तामीळनाडू झालें. हिंदी कोणावर लादण्याचें दिल्लीनें थांबविलें, तेव्हां देश मोडला नाहीं, उलट घट्ट झाला. तोच तामीळ माणूस एका किनाऱ्यावर मंत्री झाला आणि दुसऱ्या किनाऱ्यावर वाघ झाला. मधलें अंतर तीस किलोमीटरांचें नव्हे, न्यायाचें.

म्हणून मंडळी, आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे. आपल्या भाषेवर प्रेम करा. ती कचेरींत, कोर्टांत, कॉलेजांत मानानें नांदावी म्हणून भांडा. आम्ही तुमच्याबरोबर आहों. पण पाटाच्या पाण्याची आपली पाळी मागतांना शेजाऱ्याची पाळी बुडवूं नका. कोणी पुढारी येऊन म्हणाला कीं, तुमच्या दुःखाचें कारण हा परभाषेचा मजूर, हा परधर्माचा शेजारी, तर त्यास तीन प्रश्न विचारा. तुझीं मुलें कोणत्या शाळेंत शिकतात? आग लागली तर तुझें घर कोठें आहे? आणि आमच्यातल्याच सगळ्यांत खालच्या माणसास तूं काय देणार आहेस? या तीन प्रश्नांचें उत्तर ज्यास देतां येत नाहीं, त्याच्या मिरवणुकींत आपलें पोरगें पाठवूं नका.

आणि आमच्या धंद्याच्या लोकांस एक शब्द. लंकेंत स्वातंत्र्याच्या सुमारास सिंहली मुलें सिंहली शाळेंत व तामीळ मुलें तामीळ शाळेंत बसूं लागलीं. मातृभाषेंत शिक्षण मिळालें, हें चांगलें झालें. पण एकमेकांची भाषा कोणीं शिकविली नाहीं, आणि तीस वर्षांत दोन पिढ्या अशा वाढल्या कीं त्यांस एकमेकांशीं बोलतांही येईना. महावंश या जुन्या ग्रंथांत दुट्ठगामणी राजानें एळार राजास मारल्याची कथा आहे. मारल्यावर त्याच्या समाधीस मान द्यावा, वाजंत्री थांबवून पुढें जावें, असा त्यानें हुकूम काढला, हेंही त्याच कथेंत आहे. मास्तर मुलांस कोणतें अर्धें सांगतो, त्यावर गांवचें पुढचें भविष्य ठरतें.

१९५६ सालीं ज्या गॉल फेस मैदानावर तामीळ सत्याग्रह्यांस मारलें, तेथेंच २०२२ सालीं महागाईनें होरपळलेले हजारों तरुण महिनोन् महिने बसले; त्यांत बहुतेक सिंहली. १८ मे रोजीं त्यांनीं तेथें दिवे लावून मुल्लिवैक्कालच्या मेलेल्यांची आठवण केली आणि तेथील लोक जी कांजी पिऊन जगले, ती कांजी वांटली. सहासष्ट वर्षें लागलीं. इतकें उशिरा कळण्यापेक्षां आपण आधींच शिकलेलें बरें.

त्या कैकाडी बापाच्या झोपडींत आम्ही गेलों आणि चूक कबूल केली. त्यानें चहा दिला. पोरगा शाळेंत येतो. मराठीची कविता म्हणतो, आणि टोपलीस, सुपास, चुलीस त्याच्या घरीं काय म्हणतात तें वर्गास सांगतो. मुलें आतां हंसत नाहींत, वहींत लिहून घेतात. मराठीचें यांत रतिभर कमी झालेलें आम्हांस दिसलें नाहीं.